पाप कोणाचं? ताईचं बायबल, थकलेली मजुरी आणि आपली कुलूपबंद विहारं



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कारध्याच्या बाजूला, वैनगंगेकाठच्या एका वस्तीत अठरा बायांची रोवणीची मजुरी एका ठेकेदाराने थकवली. चिखलात कमरेतून वाकून केलेल्या कामाचे पैसे. तक्रारीचा अर्ज मी लिहिला. सतरा जणींनी सही किंवा अंगठा केला. अठरावी माझी मावसबहीण. ती म्हणाली, "मी सही नाई करत. भांडन-तंटा जगाच्या लोकाइचं काम. अधिकार देवानंच देल्ला आहे. मी प्रार्थना करीन."

ताई चार वर्षांपासून एका घरगुती प्रार्थनासभेत जाते. पहाटे उठून बायबल वाचते, लाल पेन्सिलीने खुणा करते. मतदान करते, पण मोर्चा, सभा, संघटना यांना 'घाण राजकारण' म्हणते.

आमच्या पोरांची प्रतिक्रिया ठरलेलीच होती. "पैसे घेतले असतील. समाजातून बाहेर काढा." काहींनी तर धर्मांतरविरोधी गमछेवाल्यांना कळवायची भाषा केली. या दोन्ही गोष्टींना माझा ठाम विरोध आहे, आणि ताईच्या भूमिकेलाही आहे. तिन्ही विरोध एकत्र कसे बसतात, ते सांगतो.

आधी पैशाचा आरोप. ताईला कोणी एक रुपया दिला नाही. तिचा नवरा दारूत बुडाला होता तेव्हा त्या सभेतल्या चार बाया रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर येऊन बसत. पोरगी आजारी पडली तेव्हा त्याच दवाखान्यात रात्रभर थांबल्या. आपण कुठे होतो? आपण १४ एप्रिलच्या वर्गणीला गेलो होतो. मी जरा वाद घातला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू तरी बाबासाहेबाचा कोनता खंड पुरा वाचलास, सांग." माझ्या कपाटात खंड आहेत. समाजशास्त्रात एमए केलं तेव्हा हवी तेवढी पानं चाळली होती. मी गप्प बसलो.

मग घरी येऊन पाचवा खंड उघडला. त्यात अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरित ख्रिस्त्यांच्या स्थितीवर बाबासाहेबांचं लिखाण आहे. बाबासाहेब ख्रिस्ताचे द्वेष्टे नव्हते. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल आदर व्यक्त केला होता. पण खंडातला त्यांचा आक्षेप नेमका आहे. अस्पृश्य माणूस खाली पडला तो समाजव्यवस्थेमुळे, तेव्हा त्याला ती व्यवस्था मोडायला शिकवायला हवं होतं. मिशनऱ्याने त्याला शिकवलं की तुझं पतन पापामुळे झालं, तेही कुठल्यातरी आदिपुरुषाच्या पापामुळे. मग लढायचं कोणाशी? माणूस स्वतःच्या काळजात पाप शोधत बसतो आणि ठेकेदार मोकळा फिरतो. ताईने सही नाकारली त्याचं कारण बाबासाहेबांनी कितीतरी वर्षं आधी लिहून ठेवलं होतं.

काही मित्र म्हणतील, दोष त्या पुस्तकाचाच आहे. मला हे पटत नाही. पुस्तकातली कोणती पानं कोण वाचायला देतो, हा खरा प्रश्न आहे. ताईच्या सभेत 'रोमकरांस पत्र' याचा तेरावा अध्याय वारंवार वाचला जातो: सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी एक खास बायबल छापलं गेलं. इजिप्तच्या गुलामीतून लोक सुटतात ती मोशेची कथाच त्यातून गाळली होती. आज्ञापालनाचे उतारे मात्र राहिले. अमेरिकेत १८४५ मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन हा संघ निघाला तो गुलामांच्या मालकांची बाजू राखण्यासाठी, आणि ते लोकही रोज बायबल वाचत होते. त्या संघाने माफी मागितली ती १९९५ मध्ये. तिथल्याच काळ्या गुलामांनी मात्र तीच मोशेची कथा धरून मुक्तीची गाणी केली. पुस्तक एकच, पण एक जण वरून वाचत होता आणि दुसरा खालून.

आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण घ्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण चर्चच्या वरिष्ठांनी सांगितलेला अर्थ त्यांनी मुकाट्याने गिळला नाही, स्वतःच्या बुद्धीने वाचण्याचा हक्क सोडला नाही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक मुळावरून, साध्या बायांना कळेल अशा मराठीत त्यांनी बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामाला जुंपून होत्या. त्यांच्यावर सनातन्यांची झोड उठली तेव्हा १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेणारे होते जोतीराव फुले. म्हणजे एकट्याने वाचणं म्हणजे मान खाली घालणं, असं काही ठरलेलं नाही.

आता 'राजकारण नको' या भूमिकेमागची भीतीही समजून घ्या. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे कितीतरी घरांत कागदावर एक धर्म आणि घरात दुसरा. अशा माणसाने मोर्चात पुढे उभं राहायचं म्हणजे आधी स्वतःच्या दाखल्यावर बोट ठेवून घ्यायचं. गप्प राहणं त्याच्या सोयीचं होतं, आणि त्या गप्प राहण्याला सभेत 'भक्ती' हे नाव मिळतं. चौतीस वर्षं आपणही याच दारात उभे होतो, हे विसरू नका.

आणि गमछेवाल्यांना कळवणाऱ्यांनो, ती कुऱ्हाड फिरून आपल्यावरच येते. एप्रिल २०२४ मध्ये गुजरात सरकारने परिपत्रक काढलं: हिंदू माणसाला बौद्ध व्हायचं असेल तरी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागेल. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी अशी परवानगी मागितली असती, तर मिळाली असती का? कलम २५ ताईचं रक्षण करतं म्हणूनच ते आपलं रक्षण करतं.

शेवटी आपल्या घरात डोकावू. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' यात बाबासाहेबांनी फरक स्पष्ट केला आहे: रिलिजन वैयक्तिक मानला जातो, धम्म मुळातच सामाजिक आहे. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची गरज नाही. दोन माणसं एकमेकांच्या संबंधात आली की धम्म लागतो. आणि आपण काय करतो? पावसाळ्यात त्याच ग्रंथाचं पोथीसारखं वाचन, मग खीर, मग घरी. शिकलेले लोक दहा दिवस मौनात बसून 'मन शांत झालं' म्हणतात, पण शेजारणीची मजुरी थकलेलीच असते. आपल्या वस्तीतलं विहार वर्षातले किती दिवस उघडं असतं? ताईने बायबल घेऊन काळजाचं दार लावून घेतलं, आपण धम्मग्रंथ घेऊन तेच केलं. तिला नावं ठेवायचा हक्क मग कुठून आणायचा?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात. एक, प्रार्थनासभेला जाणाऱ्या आपल्या माणसांवर बहिष्कार टाकू नका. त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा. दोन, विहार आठवड्यातून किमान दोन संध्याकाळी उघडा. एक खंड घ्या, दोन पानं वाचा, आणि त्या पानांचा वस्तीतल्या कोणत्या प्रश्नाशी संबंध आहे ते ठरवूनच उठा. तीन, वाद घालायचा तर वाचून घाला, त्यांचं पुस्तकही वाचून.

मी वाचलं. 'याकोबाचे पत्र', अध्याय पाचवा. शेत कापणाऱ्या मजुरांची मजुरी ज्यांनी दाबून ठेवली, त्या श्रीमंतांना तिथे सरळ झापलं आहे. मजुरांची ओरड देवाच्या कानी गेली आहे, असा त्याचा आशय. ते पान मी ताईसमोर ठेवलं. तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "हे सभेत कोनी वाचलं नाई." मग लाल पेन्सिल घेतली आणि खूण केली.

अर्जावर तिने अजून सही केलेली नाही. ठेकेदाराने अर्धेच पैसे दिले आहेत. दुसरा अर्ज टाकायचा आहे आणि त्यात अठराव्या नावाची जागा मी रिकामी ठेवली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!
कारधा, जि. भंडारा