खरेदीतलं अर्धा टक्का पुण्य

हल्ली साडीपासून साबणापर्यंत सगळं मोबाइलवर मागवता येतं. त्यात ‘या खरेदीतली थोडी रक्कम संस्थेला जाईल’ असं वाचलं की बरं वाटतं. पण थोडी म्हणजे किती, हे कोण विचारतं?

अमेरिकेत ‘अॅमेझॉन’ने २०१३ साली ‘अॅमेझॉनस्माइल’ योजना काढली. संस्था ग्राहकाने निवडायची आणि ठरावीक वस्तूंच्या किमतीच्या अर्धा टक्का रक्कम कंपनीने तिला द्यायची. हजार डॉलरमागे पाच डॉलर! ग्राहकाच्या खिशाला तोशीस नाही. थेंबे थेंबे तळं साचलं खरं, पण वाटेकरी दहा लाखांहून जास्त संस्था. सरासरी एकीला २३० डॉलरही मिळत नाहीत, असं सांगून कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये योजना बंद केली. लहान संस्था हळहळल्या, पण निर्णय त्यांच्या हातात कुठे होता?

अशी खरेदी जरूर करा, पण त्यालाच दान समजू नका. गावातल्या एखाद्या वृद्धाश्रमाला महिन्याला पन्नास रुपये थेट द्या, पावती घ्या. अर्धा टक्क्याच्या हिशेबाने तेवढ्यासाठी दहा हजारांची खरेदी करावी लागेल!