पडत्या बाजारात संगणक कंपनीवर भरवसा : नेटवेबच्या शेअरचं गणित काय सांगतं?

अमेरिकेच्या आयातशुल्काच्या धास्तीने ७ एप्रिल २०२५ रोजी सेन्सेक्स एका दिवसात २,२२६ अंकांनी आपटला. अशा दिवशी मोबाइलवरच्या ग्रुपांत एक सल्ला हमखास फिरतो : सगळे विकत असतील तेव्हा घ्या. तो कितपत खरा, हे पाहायला नेटवेब टेक्नॉलॉजीज हे चांगलं उदाहरण आहे.

फरिदाबादची ही कंपनी सर्व्हर आणि सुपरकॉम्प्युटर बनवते. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘ऐरावत’ तिचाच; २०२३ मध्ये तो जगातल्या ५०० वेगवान संगणकांत ७५व्या क्रमांकावर होता. जुलै २०२३ मध्ये ५०० रुपयांचा आयपीओ आला, शेअर ९४७ ला उघडला. २०२४ संपताना भाव तीन हजारांच्या घरात होता. एप्रिल २०२५ मध्ये तो तेराशेच्या आसपास आला.

या घसरणीमागे भीती एक नव्हती. जानेवारीत अमेरिकेने एआय चिपच्या निर्यातीवर नवे निर्बंध जाहीर केले, आणि नेटवेबच्या मोठ्या यंत्रांत एनव्हिडियाच्याच चिप असतात. चिप मिळाली नाही तर ऑर्डर असूनही उपयोग नाही. ही भीती खरी होती. पाठोपाठ चीनच्या डीपसीकमुळे एनव्हिडियाचाच शेअर एका दिवसात १७ टक्के पडला. एप्रिलची भीती मात्र सगळ्या बाजाराची होती. तिने कंपनीच्या हातातली एकही ऑर्डर कमी झाली नव्हती. मे महिन्यात चिपचे निर्बंधही मागे घेतले गेले.

आशावाद्यांचं बरोबर ठरलं ते इथे. सप्टेंबरमध्ये सरकारच्या इंडिया एआय मिशनशी जोडलेली १,७३४ कोटींची ऑर्डर आली. २०२४-२५ ची पूर्ण वर्षाची उलाढालच सुमारे १,१४९ कोटी होती! भाव पुन्हा तीन हजारांपलीकडे गेला. एप्रिलमध्ये घेणाऱ्याचे पैसे दुपटीहून जास्त झाले. (ज्या शेअरने पडल्यावर पुन्हा मान वर काढलीच नाही, त्याचा स्क्रीनशॉट कुणी फिरवत नाही, ही गोष्ट वेगळी.)

पण एप्रिलमध्येही शेअर ‘स्वस्त’ नव्हता. त्या वर्षीचा नफा शेअरमागे साधारण २० रुपये. म्हणजे तेराशेलासुद्धा एक रुपयाच्या नफ्यासाठी ६५ रुपये मोजावे लागत होते. तीन हजारांना दीडशे. पडलेला भाव आणि स्वस्त भाव यांत फरक आहे.

बुलढाणा जिल्ह्याने भीतीचा दुसरा प्रकारही पाहिला आहे. मलकापूर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेच्या खातेदारांना नोव्हेंबर २०२१ पासून दहा हजारांपेक्षा जास्त रक्कम काढता येत नव्हती. नेटवेबचा आयपीओ आला त्याच महिन्यात, ५ जुलै २०२३ रोजी, रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. तरी ९७.६ टक्के ठेवीदार पूर्ण रक्कम परत मिळण्यास पात्र होते, कारण ठेवींना पाच लाखांपर्यंत विमा असतो.

शेअरला तो नसतो. डिसेंबरमध्ये सोयाबीन-कापसाचे पैसे तीन हजारांच्या भावाने लावणाऱ्याला जूनमध्ये बियाणं-खतासाठी ते काढावे लागले असते, तर मोठ्या तोट्यातच विकावं लागलं असतं. सप्टेंबरची ऑर्डर तेव्हा आलेली नव्हती.