ताप, जुलाब आणि ‘दात येतायत’ : घरातलं हे निदान बाळाला महागात पडू शकतं

बाळ सात-आठ महिन्यांचं झालं की घरात एक निदान तयारच असतं. अंग तापलं, दात येतायत. जुलाब लागले, दात येतायत. दूध टाकलं, कान ओढला, रात्रभर रडलं, तरी दातच. सिडकोतला फ्लॅट असो की सुरगाण्यातला पाडा. आजी, शेजारच्या काकू आणि आता फॅमिली ग्रुप हे उत्तर द्यायला हजर असतात. माझं म्हणणं एवढंच आहे की लाळ, चिडचिड आणि चावाचावी खुशाल दातांच्या खात्यात टाका. ताप आणि जुलाब टाकू नका. त्या एका वाक्यामुळे दवाखान्यात जायला दोन दिवस उशीर होतो, आणि सात महिन्यांच्या बाळासाठी दोन दिवस फार असतात.

दात येण्याची खरी लक्षणं कोणती?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास दिसतो. कुणाचा चौथ्या महिन्यात येतो, कुणाचा वर्ष होत आल्यावर. बहुतेकांना आधी खालचे मधले दोन येतात. वरचे आधी आले तर मामाला वाईट, असं आपल्याकडे सांगतात. मामांनी निश्चिंत राहावं, हा फक्त क्रमातला फरक आहे. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीसही दुधाचे दात येतात.

या काळात लाळ इतकी गळते की दिवसाला तीन-चार लाळेरी लागतात आणि हनुवटीवर पुरळ उठतं. हिरडी लाल होते, सुजते, बोट फिरवलं की टोक लागतं. बाळ हाताला लागेल ते चावतं, किरकिरं होतं, खायला नको म्हणतं. अंग किंचित कोमट लागू शकतं. पण थर्मामीटर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर तो ताप आहे, आणि त्याचं कारण दुसरीकडे शोधायचं. हात लावून अंदाज बांधू नका, थर्मामीटर लावा.

मग दात येतानाच बाळ आजारी का पडतं?

दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे इंजिनीअरिंगला डेटा हाताळणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात. सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या आयुष्यात बरंच काही एकदम बदलतं. आईकडून जन्माआधी मिळालेली रोगप्रतिकारक द्रव्यं कमी होत आलेली असतात. उष्टावण होऊन वरचं अन्न-पाणी सुरू होतं. बाळ पालथं पडतं, रांगतं, चप्पल ते रिमोट सगळं तोंडात घालतं. जंतूंना वाट इथून मिळते. दात त्याच महिन्यांत येतात, म्हणून आळ त्यांच्यावर येतो.

अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डॉक्टरांनी हे मोजून पाहिलं. १२५ बाळांच्या पालकांनी रोज दोनदा तापमान आणि लक्षणं लिहून ठेवली; एकूण ४७५ दातांची नोंद झाली. २००० साली निष्कर्ष छापून आले. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन, एवढ्याच काळात लाळ, चावणं, किरकिर थोडी वाढलेली दिसली. जुलाब, खोकला आणि मोठा ताप यांचा दातांशी संबंध दिसला नाही.

समज मात्र जुना आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तही दात येणं हे बाळाच्या अनेक विकारांचं मूळ मानलं आहे. इंग्लंड-वेल्सच्या १८३९ च्या सरकारी मृत्युनोंदीत पाच हजारांवर मृत्यूंपुढे कारण लिहिलंय : दात येणं. त्या मुलांना खरं काय झालं होतं हे कुणी शोधलंच नाही, कारण उत्तर आधीच मिळालं होतं.

हिरड्यांना काय लावू नये?

टाकणखार मधात कालवून हिरड्यांना चोळायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध-बोरॅक्सचं मिश्रण चोखणीला लावल्यामुळे सात बाळांना झटके आल्याची नोंद १९८३ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. मध तर एक वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. मेडिकलमधून स्वतःच आणलेलं बधिरीकरणाचं जेलही नको. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये लिडोकेन आणि २०१८ मध्ये बेंझोकेन दात येणाऱ्या बाळांना लावू नका, असं बजावलं आहे. गळ्यात मण्यांची माळ नको, ती तुटली की मणी घशात जातो. कच्च्या गाजराचा तुकडाही त्याच कारणासाठी नको. स्वच्छ धुतलेलं बोट हिरडीवर फिरवा, फ्रीजमध्ये (फ्रीजरमध्ये नव्हे) गार केलेलं ओलं फडकं किंवा टीदर द्या. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

दवाखान्यात कधी?

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर लगेच. त्यापुढच्या बाळालाही ताप उतरत नसेल, उलट्या होत असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल तर थांबू नका. सहा-सात तास लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू किंवा डोळे खोल गेलेत, बाळ मलूल आहे, दूध ओढत नाही, ही शरीरातलं पाणी संपत आल्याची लक्षणं आहेत. अशा वेळी रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

जुलाब सुरू होताच, दवाखान्यात जायच्या आधीच, ओआरएस सुरू करता येतं. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण पाकीट विरघळवायचं आणि प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप चमच्याचमच्याने पाजायचं. टेट्रापॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली आहे. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की जुलाबाचा धोका वाढतो, तेव्हा ओआरएसची दोन पाकिटं घरात असू द्या. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात ती मोफत मिळतात. सोबत झिंकच्या गोळ्याही मिळतात. सहा महिन्यांपुढच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, त्याआतल्या बाळाला १० मिलिग्रॅम, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही.