खाशाबांचे सात हजार

१५ जानेवारी. राज्य क्रीडा दिन. कॉलेजात खाशाबा जाधवांच्या फोटोला हार, दोन भाषणं, चार सेल्फी, आणि संपलं. भाषणात एवढंच असतं: १९५२ साली हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्तीत ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. पण हा माणूस हेलसिंकीला पोचला कसा, हे कोणी सांगत नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचा पोरगा. १९४८ला लंडनला गेला तो कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. लाल मातीत वाढलेला, तिथं गादीवर खेळावं लागलं, तरी सहावा आला. पुढच्या वेळी पैसा कुठून आणायचा? गावोगाव वर्गणी मागितली. सरकारनं दिले चार हजार. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले! पदक घेऊन परतल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचं मैदान भरवलं, त्यात स्वतः लढले आणि सरांचे पैसे फेडले. पुढे पोलिस खात्यात नोकरी, १९८४ला अपघातात मृत्यू. अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर.

महाराष्ट्राला दुसरं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ला पॅरिसमध्ये कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं. मग वाद रंगला बक्षिसाचा. आधी एक कोटी, नंतर दोन. हरियाणा ब्राँझला अडीच देतं, मग आपण का नाही? वाद रास्त होता. पण तो सगळा पदकानंतरच्या पैशाचा. खाशाबांची अडचण पदकाआधीची होती, आणि ती अजून तिथंच आहे.

आपल्याकडचंच बघा. पुसद-दिग्रसकडचा एखादा पोट्टा गावच्या दंगलीत मातीवर चार जणांना लोळवतो. ऑलिम्पिकची कुस्ती मात्र मॅटवर होते. मॅट, कोच, खुराक, स्पर्धेला जायचं भाडं हे सारं घरच्या कापसावर भागत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण ते ठरलेल्या स्पर्धांत चमकल्यावर. तिथवर पोचायचं कसं? यवतमाळहून अमरावती फार लांब नाही. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये देशी खेळ दाखवून आला होता. म्हणजे विदर्भाला खेळाचं वावडं आहे, हे कारण चालणार नाही.

तेव्हा यंदा हार घालायच्या आधी आपली फीची पावती काढा. त्यात क्रीडा शुल्काचा रकाना असेल, तर प्राचार्यांना विचारा: या पैशातून गेल्या वर्षी किती पोरापोरींना स्पर्धेचं भाडं मिळालं?