पांच वर्षांचें जोडशिक्षण आणि बांधावरचें रान

बारावीचा निकाल लागला कीं शेतकऱ्याच्या घरीं पुढील शिक्षणाची चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी शास्त्रविषयांत हुशार असेल तर वैद्यकी, इंजिनियरी, नाहीं तर कृषिपदवी, एवढ्या तीन वाटांपलीकडे सहसा कोणाची नजर जात नाहीं. चौथीहि एक वाट आहे, व तिच्याकडे आमच्या वाचकांनीं लक्ष द्यावें, अशी आमची विनंती आहे. ही वाट संवर्धन-जीवशास्त्राची. आणि तीहि पदवी व पदव्युत्तर पदवी एकत्र जोडून पांच वर्षांत पुरी करण्याची.

पशुपक्षी व वनस्पति यांच्या जाति कां घटतात आणि त्या कशा टिकवाव्या, याचा विचार या शास्त्रांत होतो. १९७८ सालीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें मायकेल सूले प्रभृति शास्त्रज्ञांनीं भरविलेल्या परिषदेपासून त्याची स्वतंत्र गणना होऊं लागली. हा विषय जंगलखात्याचा, आम्हां शेतकऱ्यांस त्याचें काय, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही दोन उदाहरणें देतों.

पहिलें गिधाडांचें. १९९० नंतर आमच्या गांवांबाहेर मेल्या जनावरावर उतरणारीं गिधाडें दिसेनाशीं झालीं. राजस्थानांत भरतपूरच्या केवलादेव उद्यानांत डॉ. विभू प्रकाश यांनीं वर्षानुवर्षें त्यांची मोजदाद केली होती, म्हणून ही घट ध्यानांत तरी आली. कारण मात्र कळेना. अखेर २००४ सालीं लिंडसे ओक्स या पशुवैद्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें तपासून, गुराढोरांस सुजेवर व दुखण्यावर देण्यांत येणारें डायक्लोफिनॅक हें औषध त्या पक्ष्यांचीं मूत्रपिंडें नासवितें, असें सिद्ध केलें. २००६ सालीं आपल्या देशांत जनावरांसाठीं त्या औषधास बंदी झाली. औषध आमच्या गोठ्यांतलें, मढें आमच्या बैलाचें, आणि गिधाडें गेल्यावर तीं मढीं कुजत पडलीं तींहि आमच्याच शिवारांत! हें कोडें एकट्या पक्षिवेत्त्याला सुटलें नाहीं. पक्ष्यांची गणना, पशुवैद्यक व रसायन यांचा मेळ बसला तेव्हां तें सुटलें.

दुसरें माळढोकाचें. १९७९ सालीं सोलापूर व अहमदनगर (आजचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत या पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८,५०० चौरस किलोमीटर! त्यांत गांवें आलीं, बाजारपेठा आल्या, पिकाऊ जमिनी आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनें पडलीं आणि लोकांच्या मनांत त्या बिचाऱ्या पक्ष्याविषयींच अढी बसली. तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यांत आलें. तोंवर माळढोकहि जवळजवळ नाहींसा झाला. सीमा आंखतांना, माळ कोठें संपतो व शेत कोठें लागतें हें जाणणारीं आणि पक्ष्याचाहि अभ्यास असलेलीं माणसें पुरेशीं असतीं, तर दोघांचेंहि एवढें नुकसान न होतें, असें आमचें मत आहे.

अशीं माणसें तयार व्हावयाचीं तर शिक्षण कसें असावें? आज दोन मार्ग उपलब्ध आहेत. एक, आधीं पदवी घेऊन मग बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रांत किंवा देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेंत दोन वर्षांची एम्.एस्सी. करण्याचा. दुसरा, जोडपदवीचा. पुण्यास २००६ सालीं निघालेल्या ‘आयसर’ संस्थेंत बारावीनंतर पांच वर्षांचा असा क्रम आहे. प्रारंभीं गणित, पदार्थविज्ञान, रसायन व जीवशास्त्र हे सर्व विषय शिकवितात. पुढें विद्यार्थी आपली दिशा निवडतो. शेवटचें वर्ष संशोधन-प्रबंधाचें असतें. संवर्धन-जीवशास्त्र या नांवाची वेगळी पदवी तेथें मिळत नाहीं. परंतु जीवशास्त्राकडे वळून प्रबंधाचें वर्ष या विषयास देतां येतें.

जोडशिक्षणाकडे आमचा कल आहे, त्याचें कारण शेतकऱ्यास सहज पटेल. रानाचा हिशेब हंगामानें चालतो. रानडुकरें मक्यांत केव्हां शिरतात, रोही हरभऱ्यावर केव्हां उतरतात, उन्हाळ्यांत पाण्यासाठीं कोणत्या विहिरीकडे वळतात, हें दोन महिन्यांच्या सुटींत समजत नाहीं. खरीप, रब्बी व उन्हाळा असें पुरें चक्र पाहावें लागतें. शिक्षण मध्येंच तुटून नव्या प्रवेशपरीक्षेच्या खटपटींत वेळ न गेला, तर असें अखंड वर्ष विद्यार्थ्याच्या हातीं लागतें.

या मार्गांत अडचणी नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलास पांच वर्षें एका विषयास बांधून घालणें धोक्याचें आहे. म्हणून ज्या क्रमांत आरंभ व्यापक व निवड उशिरां, तोच पत्करावा. या पदवीनें वनखात्यांत आपोआप जागा मिळत नाहीं. तेथें स्पर्धापरीक्षाच द्यावी लागते. पांच वर्षांचा खर्च घरच्यांनीं आधींच कागदावर मांडावा, आणि कर्ज काढून केवळ हौसेखातर मुलास धाडूं नये. ज्यास शेतीशीं अधिक जवळचा मार्ग हवा, त्यास दापोलीच्या कृषिविद्यापीठांतील वनशास्त्राची पदवी आहेच.

तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. पीक खाणाऱ्या जनावरांविषयीं नियम होतच राहणार, नुकसानभरपाईचे दर ठरतच राहणार. ते ठरविणाऱ्यांच्या बैठकींत आमचीं मुलें नसलीं, तर आम्हांस अर्ज घेऊन दारांत उभें राहण्यावांचून गत्यंतर नाहीं. यास्तव विद्यापीठांस आमचें सांगणें असें कीं, प्रबंधाचें वर्ष केवळ राखीव जंगलांत न घालवितां लागवडीच्या जमिनीवरहि घालवूं द्यावें. आणि आमच्या शेतकरी बंधुभगिनींस विनंति अशी कीं, प्रत्येक गांवानें पिकांच्या नुकसानीची तारीखवार वही ठेवावी, व अभ्यासास येणाऱ्या मुलामुलींस ती मोकळ्या मनानें दाखवावी. वही आज सुरू केली, तरच पांच वर्षांनीं ती उपयोगी पडेल.