जहाजाच्या पोटातले पाणी

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्यातले दोन तालुके सह्याद्रीच्या भिंतीने समुद्रापासून तोडलेले. इथला पाऊस कुकडी, मीना, घोड या नद्यांतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागरात जातो. तरी या भागाचे अरबी समुद्राशी नाते दोन हजार वर्षांचे आहे. सातवाहनांच्या काळात सोपारा आणि कल्याणच्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरच्या बाजारात येई. आज नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातली द्राक्षे उलट्या दिशेने, शीतकंटेनरात बसून न्हावा-शेव्याला आणि तिथून युरोपात जातात. या द्राक्षांत कीटकनाशकाचा अंश किती, हे युरोपातला खरेदीदार प्रयोगशाळेतून तपासून घेतो. ती वाहून नेणारे जहाज वाटेत काय ओतत जाते, हा प्रश्न मात्र बागायतदाराला पडत नाही आणि खरेदीदारालाही नाही.

जहाज ओतते पुष्कळ. इंजिनरूमच्या तळाशी साचणारे तेलकट पाणी समुद्रात सोडताना त्यात दहा लाख भागांत तेलाचे १५ भागच असावेत, हा ‘मारपोल’ या आंतरराष्ट्रीय कराराचा नियम आहे. इंधनातल्या गंधकाची मर्यादा १ जानेवारी २०२० पासून साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. पण तेल पाण्यावर दिसते, धूर आकाशात दिसतो. दिसत नाही ते बॅलास्टचे पाणी.

रिकामे किंवा अर्धे भरलेले जहाज समुद्रात नीट बसत नाही. लाटांत ते डोलते, पंखा पाण्याबाहेर येतो. म्हणून माल उतरवला की जहाज त्याच बंदरातले पाणी आपल्या टाक्यांत ओढून घेते आणि पुढच्या बंदरात माल भरताना ते सोडून देते. मोठ्या मालवाहू जहाजाच्या पोटात असे हजारो टन पाणी असते. त्यासोबत तिथल्या शिंपल्यांची पिल्ले, शेवाळ, झुप्लवक आणि जिवाणू फुकटात प्रवास करतात. मध्य अमेरिकेच्या अटलांटिक बाजूचा एक काळ्या पट्ट्यांचा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात सापडला आणि पुढे मुंबईच्या गोद्यांतही चिकटून बसला. उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांत १९८८ मध्ये असाच आलेला झेब्रा शिंपला पाणीपुरवठ्याच्या नळांत वाढून ते तुंबवू लागला.

हा केवळ शिंपल्यांचा प्रश्न असता, तर आरोग्याच्या सदरात त्याची चर्चा करावी लागली नसती. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत कॉलऱ्याची मोठी साथ आली. त्याच सुमारास अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मोबाइल बे इथे आलेल्या काही जहाजांच्या बॅलास्ट पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू सापडले. म्हणूनच २००४ मध्ये संमत झालेल्या आणि २०१७ मध्ये लागू झालेल्या बॅलास्ट पाण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात कॉलऱ्याचा नामोल्लेख आहे: सोडलेल्या १०० मिलिलिटर पाण्यात विषारी कॉलरा जिवाणूची एकही वसाहत नको. मोठ्या जिवांसाठी अट अशी, की एका घनमीटर पाण्यात १० पेक्षा कमी जिवंत हवेत. जुन्या जहाजांना हे पाळण्यासाठी दिलेली मुदतही ८ सप्टेंबर २०२४ ला संपली.

मग हे जीव मारायचे कसे? बाजारात मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात पाणी गाळून त्यावर अतिनील किरण सोडतात. दुसऱ्यात समुद्राच्याच मिठातून विजेने क्लोरीन तयार करतात. पहिला मार्ग गढूळ पाण्यात लंगडतो, कारण किरण गाळाआड पोहोचत नाहीत. दुसऱ्यात पाणी सोडण्याआधी उरलेले क्लोरीन निष्प्रभ करावे लागते, त्यातून नको ती रसायने तयार होतात, आणि गोड्या पाण्यात बाहेरून मीठ घालावे लागते. मुंबईचे बंदर गढूळ आहे आणि कोलकात्याची हुगळी त्याहून गढूळ. नॉर्वेच्या निळ्या फ्योर्डात जे चालते ते इथे चालेलच असे नाही.

तिसरा एक मार्ग आपल्याकडे शोधला गेला, आणि तो जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. विहिरीचे पाणी खोल गेले आणि पंप फार उंचावर राहिला, की पंपातून खडी फिरावी तसा आवाज येतो. काही महिन्यांनी पंप उघडला तर इम्पेलरला देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेले दिसतात. आत खडी गेलेली नसते. ओढ वाढून पाण्याचा दाब इतका उतरतो, की पाणी थंड असूनही त्यात वाफेचे बुडबुडे धरतात. पुढे दाब वाढला की ते चिरडले जातात. चिरडताना त्या सूक्ष्म जागी क्षणभर हजारो अंश तापमान आणि शेकडो वातावरणांइतका दाब निर्माण होतो. लोखंडाला खड्डे पाडणारा हा मार लागला, की प्लवकाच्या पेशी फाटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. जहाजाच्या अभियंत्याचा तो जुना वैरी; जहाजाचा पंखा तोच पोखरतो.

या वैऱ्याला कामाला लावण्याची कल्पना पुणे, मुंबई आणि गोवा अशा तीन ठिकाणच्या संशोधकांनी मिळून पुढे नेली. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले विवेक रानडे, माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतले (पुढे तिथे कुलगुरू झालेले) अनिरुद्ध पंडित, आणि दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले ए. सी. अनिल व सुभाष सावंत हे त्यातले प्रमुख. भोके पाडलेल्या चकत्यांमधून बॅलास्टचे पाणी दाबाने ढकलायचे, बुडबुडे घडवायचे आणि मोडायचे. ना दिवे, ना रसायने. जहाजाचे पाणी गाळून निर्जंतुक करणाऱ्या या उपकरणाचे अमेरिकी पेटंट २००९ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेला मिळाले. त्याआधी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने बॅलास्ट पाण्याच्या जागतिक कार्यक्रमासाठी जी सहा बंदरे निवडली, त्यांत मुंबई होते. म्हणजे प्रश्न कळला होता, आणि उत्तराची सुरुवातही झाली होती.

तरीही आज जहाजांवर बसतात ती यंत्रे मुख्यतः स्वीडन, नॉर्वे, दक्षिण कोरिया, जपान, चीन इथल्या कंपन्यांची. याचे खापर नेहमीप्रमाणे सरकारी अनास्थेवर फोडून मोकळे होता येईल, पण त्याआधी थोडे गणित करावे लागेल. या गटाच्या २००८ मधल्या शोधनिबंधात कॅव्हिटेशनने ८० टक्क्यांहून अधिक झुप्लवक मेल्याची नोंद आहे. ऐकायला उत्तम. पण मान्यतेच्या चाचणीत एका घनमीटर पाण्यात निदान एक लाख मोठे जीव घ्यावे लागतात. ८० टक्के मेले, तर २० हजार जिवंत राहिले. नियम म्हणतो १० पेक्षा कमी. म्हणजे हवेत ९९.९९ टक्के. तासाला १००० घनमीटर पाणी दोन बार दाब खर्चून चकत्यांमधून ढकलायचे, तर सुमारे ५५ किलोवॅट लागतात. शेतावरच्या पाच हॉर्सपॉवरच्या पंधरा मोटारी, तेही पंपाची तूट न धरता. एका फेरीत काम झाले नाही आणि दुसरी घ्यावी लागली, तर तीस. जहाजाच्या जनरेटरवर एवढा भार ऐन माल चढवण्याच्या घाईत टाकता येतो का, हे पाषाणात बसून ठरत नाही.

ते ठरवू शकतो ज्याने हयात इंजिनरूममध्ये काढली तो. जगातल्या खलाशी-अधिकाऱ्यांत सुमारे दहावा हिस्सा भारतीयांचा आहे. समुद्राचे तोंड न पाहिलेल्या पुणे जिल्ह्यात तळेगावजवळ इंदोरीला आणि लोणी काळभोरला सागरी अभियांत्रिकी शिकवली जाते. इंदोरीत तर शिकाऊंसाठी जमिनीवरच जहाज उभारले आहे. इथून गेलेली मुले चीफ इंजिनीअर होतात, काही पन्नाशीतच किनाऱ्याला लागतात, आणि मग त्यांचे ज्ञान सोसायटीच्या पंपाच्या दुरुस्तीपलीकडे फारसे कोणी विचारत नाही. गाळणी किती तासांनी तुंबते, बॅलास्टच्या पंपात किती दम शिल्लक असतो, बंदरात चार माणसांच्या हाताशी किती वेळ असतो, हे त्यांना पाठ असते. लबाडी कुठून शिरेल, हेही. तेल वेगळे करणारे यंत्र चुकवून घाण थेट समुद्रात सोडणाऱ्या चोरनळीला जहाजावर ‘मॅजिक पाइप’ म्हणतात; तिच्यापायी अमेरिकेत अभियंते तुरुंगात गेले आहेत. ही नळी जोडायची जागाच राहू नये असे यंत्र ती कुठे जोडतात हे पाहिलेला माणूस अधिक चांगले आखेल. परदेशातही मान्यता मिळालेली यंत्रे बंदरांच्या गाळात बंद पडू लागली, तेव्हा २०१६ मध्ये चाचणीचे नियम कडक करावे लागले. हा धडा आपण फुकटात घेऊ शकतो.

अडचण आहे ती जहाजाची. मान्यतेसाठी जमिनीवर सलग पाच यशस्वी चाचण्या आणि त्यानंतर चालत्या जहाजावर किमान सहा महिने, अशी अट आहे. पाच चाचण्या प्रयोगशाळा करू शकते. सहा महिन्यांसाठी जहाज कोण देणार? खासगी मालक देणार नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. यंत्र अडले तर जहाज बंदरात अडकते आणि भाडे बुडते. शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडिया अजून सरकारच्या मालकीची आहे. तिच्या ताफ्यातले एक किनारी फेरीचे जहाज अशा चाचण्यांसाठी राखून ठेवणे, नौवहन महासंचालनालयाने त्याच्या नुकसानीची हमी घेणे, आणि चाचणीच्या मंडळात निवृत्त चीफ इंजिनीअरांना केवळ मानाची खुर्ची न देता सही करण्याचा अधिकार देणे, एवढे आजच्या कायद्यांत बसते. डहाणूजवळ वाढवणला नवे मोठे बंदर उभे राहते आहे. तिथल्या कोळ्यांचा विरोध मोडून ते उभे राहणारच असेल, तर तिथे येणाऱ्या जहाजांच्या पोटातून काय उतरते याची चिंता त्यांच्यावरच सोपवणे बरे नव्हे.

चाचणीचे सहा महिने मात्र हिवाळ्यातले निवडू नयेत. जून ते नोव्हेंबर घ्यावेत, मुंबई बंदराचे पाणी पावसाने गोडावलेले आणि सर्वांत गढूळ असते तेव्हा. दिवे आणि क्लोरीन जिथे अडखळतात, तिथे बुडबुडे काय करतात ते त्याच पाण्यात कळेल.