जिफ थिजली तर थिजू द्या

ॲप इन्व्हेंटरवर पहिलंवहिलं ॲप बांधायला बसलेलं पोर एका ठिकाणी हमखास अडतं. ब्राउझरमध्ये छान नाचणारी जिफ ‘इमेज’ या घटकात टाकली की मोबाईलवर पहिल्याच चित्रावर थिजते. जिफ म्हणजे एका फाईलीत ओळीनं रचलेली चित्रं आणि कुठलं किती वेळ दाखवायचं याची नोंद. अँड्रॉइडवरची साधी इमेज त्यातलं पहिलं उचलते आणि थांबते. वेबपान दाखवणारा ‘वेबव्ह्यूअर’ टाका, जिफ हलेल, हा तयार तोडगा. तो पहिल्याच तासाला मुलांच्या हातात देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याऐवजी चित्रं सुटी करायला लावा. ‘क्लॉक’ हा घटक घ्या, त्याचा ठोका एक हजारावरून 125 मिलिसेकंदांवर आणा आणि दर ठोक्याला यादीतलं पुढचं चित्र लावा. यादी संपली की पुन्हा पहिलं. चित्र हलतं म्हणजे नेमकं काय होतं, हे पोराला इथं स्वतःच्या हातानं कळतं.

आणि चित्रं बाहेरून कशाला आणायची? आपला पालघर जिल्हा वारल्यांचा, त्यांच्या चित्रांचा. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, ती याच गेरूवरच्या पांढऱ्या रेघांसाठी. दोन त्रिकोणांचं अंग, काडीसारखे हातपाय: आठवीतलं मूलसुद्धा ही आकृती आठ वेळा काढू शकतं. जिफला एका चित्रात जास्तीत जास्त 256 रंग चालतात. इथं दोनच पुरतात.

वारल्यांच्या तारपा नाचाचं रिंगण घ्या. चोवीस नाचे सारख्या अंतरावर उभे केले तर दोघांत पंधरा अंशांचं अंतर पडतं. अख्खी फेरी काढायची गरजच नाही. आठ चित्रांत प्रत्येकाला थोडं थोडं सरकवत पुढच्याच्या जागेपाशी आणा. नववं चित्र पहिल्यासारखंच दिसणार, म्हणून ते काढायचंच नाही. रिंगण अखंड फिरत राहतं. फक्त सगळ्यांचे पाय एकाच तालात हवेत, नाहीतर जोडावर झटका दिसतो. वारली चित्रांत दिसतो तसा उघड्या टोकाचा वेढा काढला, तर शेवटचा गडी दर फेरीला मागे उडी मारतो. ते कसं सोडवायचं, यावर वर्गात भांडण होऊ द्या.

एक काळजी घ्या. रंग दोन असले तरी उघडलेलं चित्र मोबाईलच्या मेमरीत साधारणपणे प्रत्येक ठिपक्याला चार बाइट घेतं. हजार बाय हजारचं एक चित्र म्हणजे 4 एमबी, आठ म्हणजे 32. चारशे बाय चारशे केलं तर आठही मिळून साधारण 5 एमबीत बसतात. घरातल्या जुन्या, कमी मेमरीच्या मोबाईलवर ॲप चालायचं असेल तर हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या. वेबव्ह्यूअर त्यानंतर दाखवा, खुशाल दाखवा.